मनाचा रोजमेळ : खरेपणा, कृतज्ञता आणि शांत आत्मपरीक्षण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारामागच्या एका गल्लीत, आमच्या घराच्या माडीवर, दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा मराठी माणसे तासभर एकत्र बसतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यात पाळीने काम करणारे आहेत, लग्न होऊन पुण्याहून नुकत्याच इकडे आलेल्या दोन सुनाही आहेत. या बसण्याला नाव नाही, वर्गणी नाही आणि कोणी गुरूही नाही. नव्याने येणारी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते, आणि त्यांविषयी मला आजवर जे उमगले ते, येथे लिहून ठेवत आहे. मी एका बँकेत सत्तावीस वर्षे रोखपाल होते. उत्तरांत हिशेबाची भाषा वारंवार येईल (शीर्षकातला ‘रोजमेळ’ म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही), कारण माझी ही समज पुष्कळशी त्या खिडकीमागेच तयार झाली.

आध्यात्मिक वाढ म्हणजे नेमके काय समजायचे?

डोळे मिटल्यावर प्रकाश दिसणे, अंगावर रोमांच उभे राहणे, स्वप्नात दर्शन होणे, अशा गोष्टींना पुष्कळ जण वाढ म्हणतात. ज्यांना असे अनुभव येतात त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु त्यांवरून स्वतःचे मोजमाप करू नये असे माझे मत आहे. मी एकच खूण पाहते : चूक हातून घडल्यापासून ती स्वतःशी कबूल करेपर्यंत मध्ये किती काळ गेला? तरुणपणी मी माझ्या जावेला चारचौघांत टाकून बोलले होते. त्यात माझेच चुकले हे मान्य करायला मला चार वर्षे लागली, आणि ती चार वर्षे मी रोज देवाला फुले वाहत होते. आता तसे काही झाले तर रात्रीपर्यंत मन खायला लागते. क्वचित एखादा शब्द ओठांवर येतानाच थांबतो. माझ्यापुरती वाढ झाली असेल तर ती एवढी आहे, आणि ती मला पुरेशी मोठी वाटते.

खरेपणा, कृतज्ञता आणि आत्मपरीक्षण ही तीन वेगवेगळी साधने आहेत का?

मी त्यांना एकाच कामाची तीन अंगे मानते. बँकेत व्यवहार संपले की रोखपालाला कॅश जुळवावी लागते. पेटीतली प्रत्यक्ष रोकड आणि वहीतला आकडा एक आला पाहिजे, आणि तो येईपर्यंत घरी जाता येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटते की रोकड कमी भरली तरच गडबड. प्रत्यक्षात शंभर रुपये जास्त भरले तरी ती चूकच असते, कारण ते शंभर रुपये कोणाचे तरी असतात आणि कोणीतरी त्या वेळी ते शोधत असतो.

मनाच्या हिशेबातही तसेच आहे. आपल्याकडून काय कमी पडले हे पाहणे म्हणजे खरेपणा, हे सर्वांना पटते. पण आपल्या पेटीत जे आपण कमावलेले नाही, तरी आपले म्हणून मोजतो, त्याचे काय? मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोन्ही मुले सांभाळली. पुढे बढती मिळाली तेव्हा मी ‘माझ्या कष्टाने’ असे सर्वांना सांगत फिरले. ते असत्य होते, जरी त्यातला एकही शब्द कोणी खोटा ठरवू शकले नसते. जे आपल्या पेटीत आहे पण आपले नाही, त्यावर खऱ्या मालकाचे नाव लिहिणे यालाच मी कृतज्ञता म्हणते. ती मला हळवी भावना वाटत नाही; तो जमेच्या बाजूचा खरेपणा आहे. आणि आत्मपरीक्षण म्हणजे शटर खाली ओढल्यानंतरचा तो अर्धा तास, ज्यात मोजणी होते.

नुसत्या चुका मोजणारी माणसे कडवट होत गेलेली मी पाहिली आहेत, आणि नुसते मिळालेले मोजून स्वतःला फार सात्त्विक समजू लागलेलीही पाहिली आहेत. या दोन्ही अवस्थांतून मी स्वतः गेले आहे, म्हणून एक बाजू सोडून दुसरी धरू नये असे आग्रहाने सांगते.

रात्रीचे बसणे प्रत्यक्ष कसे करावे?

जेवणे झाली, भांडी विसळून पालथी घातली, ओटा पुसला, की मग बसावे. त्याआधी बसले तर लक्ष ओट्याकडेच जाते. जागा शक्यतो एकच असावी. सतरंजी, पाट, खुर्ची, काहीही चालेल, पण गुजरातेत घरोघरी असतो त्या झोपाळ्यावर बसू नये. झोका सुरू झाला की मनही त्याबरोबर गावाला जाते, हा माझा अनेक महिन्यांचा अनुभव आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. उपडा घालून जवळ ठेवलेला मोबाइल जवळच असतो.

पहिली पाच मिनिटे काहीही न करता श्वास येतो-जातो तेवढे पाहावे. नंतर सकाळी उठल्यापासूनचा दिवस क्रमाने आठवावा : दूध कोणी आणले, पहिला शब्द कोणाशी बोललो, तो कोणत्या आवाजात बोललो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण उड्या मारत आठवले तर मन सोयीच्या जागीच उतरते.

मग तीन प्रश्न विचारावेत. आज मला कोणाकडून काय मिळाले? मी कोणाला काय दिले? माझ्यामुळे कोणाला काय त्रास झाला? हे प्रश्न आमचे नाहीत. जपानमध्ये इशिन योशिमोतो (१९१६–१९८८) यांनी ‘नाइकान’ नावाची आत्मपरीक्षणाची पद्धत घालून दिली. अन्न, पाणी आणि झोप सोडून करायच्या एका जुन्या कठोर साधनेतून त्यांनी सामान्य माणसाला झेपेल असे हे रूप काढले, आणि त्याचा गाभा म्हणजे हे तीन प्रश्न. ‘मला कोणी त्रास दिला?’ हा चौथा प्रश्न त्यांनी मुद्दाम ठेवला नाही. याचे कारण आपल्याला आपल्याच म्हणीत सापडते : दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसायला साधना लागत नाही.

उत्तरे बारीक असावीत. ‘शेजाऱ्यांनी मदत केली’ असे लिहून काही हाती लागत नाही. माझ्या वहीतले या श्रावणातले एक पान असे आहे : ‘मिळाले : सकाळी मोटर बंद पडली, समोरच्या भाभींनी दोन बादल्या पाणी जिन्यावर आणून ठेवले, मी दार उघडण्याआधीच त्या गेल्या होत्या. दिले : नातवाला अर्धा तास बेरजा शिकवल्या. त्रास : भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस केली, तो उन्हात उभा होता आणि मी सावलीत.’ शेवटच्या ओळीतले ऊन-सावली मला बाजारात दिसलेच नव्हते. ते रात्री दिसले.

वही लिहिलीच पाहिजे का? ती घरच्यांनी वाचली तर?

लिहिलेले बरे, कारण मनातल्या मनात केलेला हिशेब मन फार लवकर फिरवते. बँकेत आम्हाला शिकवले होते की आकडा चुकला तर खोडरबर वापरायचा नाही. एक आडवी रेघ ओढायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची, म्हणजे जुना आकडा दिसत राहतो. वहीतही मी तेच करते.

घरच्यांनी वाचण्याची भीती खरी आहे, विशेषतः एकत्र कुटुंबातल्या सुनांना. दुसऱ्याविषयीची तक्रार वहीत लिहायचीच नाही असे ठरवले तर अर्धी भीती जाते. उरलेल्या अर्ध्या भीतीसाठी पान लिहून महिनाअखेरीस फाडून टाकण्यास हरकत नाही. लिहिण्याचे काम लिहिताना झालेले असते.

बसले की विचारांचा नुसता गोंधळ होतो. मन शांत होतच नाही. काय करावे?

या प्रश्नाचे एक मोठे उत्तर आमच्याच शहरात घडलेले आहे. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानाच्या सेवेत होते. पुढे १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेसचे अधिवेशन झाले, त्यानंतर ते बडोद्याला आले आणि विष्णु भास्कर लेले या मराठी साधकाबरोबर तीन दिवस एका खोलीत बसले. लेल्यांनी त्यांना सांगितले ते इतकेच : विचार करू नका, फक्त पाहा, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्याआधी परत लावा. तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले असे त्यांनी नंतर सांगितले आहे.

आपल्याला तीन दिवसांत तसे होणार नाही, आणि त्या तुलनेत पडूही नये. पण ‘विचार माझा नाही, तो येणारा पाहुणा आहे’ एवढी दृष्टी रोजच्या बसण्यातही उपयोगी पडते. ‘मुलाने फोन केला नाही’ हा विचार आला, की ‘आला’ असे म्हणावे; त्याला पाट मांडू नये, चहा विचारू नये. तो पुन्हा येईल. पुन्हा ‘आला’ म्हणावे. काही रात्री तीस मिनिटांपैकी अठ्ठावीस मिनिटे यातच जातात, आणि त्या रात्रीही वाया गेल्या असे मी मानत नाही, कारण कोणता पाहुणा किती वेळा आला हे तरी कळते.

आत्मपरीक्षण केले की अपराधी वाटते, झोप लागत नाही. हे योग्य आहे का?

नाही. परीक्षण आणि उगाळणे यांत फरक आहे. परीक्षणात प्रश्नाला उत्तर मिळते आणि माणूस पुढच्या प्रश्नाकडे जातो. उगाळण्यात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो, दर वेळी तेच दुखते आणि हाती काही लागत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी की उगाळताना वाक्ये ‘मी असाच आहे’, ‘माझे कायमच असे होते’ अशी सुरू होतात. परीक्षणातले वाक्य दिवसाचे आणि वेळेचे असते : ‘आज दुपारी मी अमुक म्हटले’. वाक्य मोठे होत चालले आहे असे दिसताच वही मिटावी, पाणी प्यावे आणि झोपावे. तेच प्रसंग अनेक आठवडे छळत असतील, भूक-झोप गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर हे बसणे पूर्ण थांबवावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. याबाबत मी कोणालाही ‘अजून थोडी साधना वाढवा’ असे सांगत नाही आणि कोणी सांगितले तर ऐकू नये.

खरे बोलल्याने समोरचा दुखावला तर? किती खरे बोलावे?

योगदर्शनातल्या पाच यमांत सत्य दुसरे येते आणि अहिंसा पहिली. त्या क्रमाचा मी एवढाच अर्थ घेते की आपले सत्य दुसऱ्यावर उगारण्यासाठी नाही. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ असे सांगणारी माणसे बहुधा दुसऱ्यांविषयी स्पष्ट बोलतात. स्वतःच्या चुकीविषयी तितक्याच मोठ्या आवाजात बोलताना मी फार थोड्यांना ऐकले आहे. म्हणून आमच्याकडे नियम असा, की पहिले वर्षभर खरेपणा फक्त स्वतःच्या खात्यात लावायचा. दुसऱ्याविषयीचे खरे, त्याने विचारले तर, एकांतात आणि त्याला ते पेलवेल अशा वेळी सांगावे.

आजारी माणसाला काय सांगावे, हा प्रश्न येथे हमखास येतो. मला एकच नियम ठाऊक आहे : त्याने सरळ विचारले तर खोटे सांगू नये, आणि विचारले नसेल तर आपल्या मनावरचे ओझे उतरवण्यासाठी त्याच्यावर लादू नये.

जुनी चूक कबूल केलीच पाहिजे का? आता कोणाला आठवतही नसेल.

या प्रश्नावर मी नेहमी एकच गोष्ट सांगते, कारण तिच्याहून जास्त खात्रीचे माझ्याजवळ काही नाही.

साधारण तीस वर्षांपूर्वी एके संध्याकाळी माझी कॅश पाचशे रुपयांनी जास्त भरली. नियमाप्रमाणे ते अधिकाऱ्याला सांगून वेगळ्या खात्यात जमा करायला हवे होते. पण रोकड कमी भरली तर ती रोखपालाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते, म्हणून काही जण जास्तीचे पैसे पुढच्या तुटीसाठी बाजूला ठेवत. मीही ते एका पाकिटात घालून ड्रॉवरच्या तळाशी, स्पंजच्या डबीखाली ठेवले. तिसऱ्या दिवशी मांडवीचा एक कापडव्यापारी खिडकीशी आला आणि म्हणाला, ‘बेन, परवाच्या भरण्यात पाचशेचा काही फरक आला होता का? पोराजवळ पंचवीस हजार मोजून दिले होते आणि पावती साडेचोवीसची आहे.’ शंभराच्या पाच नोटा माझ्याकडून मोजायच्या राहिल्या होत्या आणि मीच त्या मुलाला रक्कम कमी आहे असे सांगून स्लिप बदलायला लावली होती. हे सर्व मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. मी म्हटले, ‘नाही, कॅश जुळली होती.’ तो गेला.

ते पाकीट मी वापरले नाही आणि परतही केले नाही. अकरा महिन्यांनी, दिवाळी आणि लाभपंचमी होऊन गेल्यावर, मी त्याच्या दुकानात गेले आणि घडले ते सांगून पाचशे रुपये गादीवर ठेवले. तो रागावला नाही. थोडा वेळ गप्प बसून त्याने सांगितले की ते पैसे त्याने त्या मुलाच्या पगारातून दोन महिन्यांत कापून घेतले होते आणि तो मुलगा दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. पत्ता त्याच्याजवळ नव्हता. त्याने माझे पैसे घेतले, रोजमेळात त्या मुलाच्या नावाने जमा केले आणि पान मला दाखवले.

तेव्हापासून मी असे मानते की चूक लपवताना आपण ती कोणाविरुद्ध लपवतो हे आपल्याला ठाऊकच नसते. मी समजत होते की माझा प्रश्न बँकेशी आहे, फार तर व्यापाऱ्याशी आहे. शिक्षा मात्र एका मुलाला झाली, ज्याचा चेहराही मला नीट आठवत नाही. म्हणून, होय, कबूल करावी. आणि लवकर करावी, कारण उशिराची कबुली कित्येकदा ज्याचे नुकसान झाले त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अपवाद एकच : कबुलीने तिसऱ्याच माणसाचे घर मोडणार असेल, तर आधी शहाण्या, तोंड घट्ट असलेल्या माणसाशी बोलावे.

क्षमा मागण्याची मराठी माणसाला सवय नाही. ती कशी लावावी?

आमच्या शेजारी जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यातली श्रद्धावान माणसे रोज प्रतिक्रमण करतात, म्हणजे दिवसाच्या आणि रात्रीच्या दोषांची आठवण करून त्यांतून मागे फिरतात. आणि पर्युषण पर्वात, क्षमा मागण्याच्या संवत्सरीच्या दिवशी, घरोघर जाऊन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. ‘माझ्याकडून घडलेले दुष्कृत निष्फळ होवो’ असा त्याचा अर्थ आहे. दाराशी येऊन वयाने मोठा माणूस धाकट्यासमोर हात जोडतो, हे मी लहानपणापासून पाहत आले. आपल्याकडे तिळगूळ देताना ‘गोड बोला’ म्हणतात. त्याच दिवशी ‘गेल्या वर्षी मी अमुक वेळी कडू बोलले’ हे एक वाक्य जोडायला काय हरकत आहे? आमच्यातल्या तिघी-चौघींनी गेल्या संक्रांतीला ते केले. एकीच्या नणंदेला उत्तर सुचेना, तिने नुसता हात धरून ठेवला.

कृतज्ञता म्हणजे जे घडले त्याला चांगलेच म्हणायचे का? अन्याय झाला तरी?

मुळीच नाही. नवरा मारतो, मालक पगार बुडवतो, आणि ‘जे आहे त्यात समाधान मानावे’ असे कोणी शिकवत असेल, तर ते शिकवणे त्या मालकाच्या सोयीचे आहे. कृतज्ञता खरेपणाच्या पोटी जन्मते असे मी वर म्हटले; मग ती खोट्यावर उभी कशी राहील? अन्यायाला अन्यायच म्हणावे, आणि जरूर तेथे पोलिसांत व न्यायालयात जावे.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला. आमच्यातल्या एकांचे नदीकाठच्या सोसायटीतले तळमजल्याचे घर पाण्यात गेले. कपाटातले लग्नाचे अल्बम, नवा फ्रिज, मुलीची पुस्तके, काही उरले नाही. त्या आठवड्यात ते वही घेऊन आले होते. त्यात ‘पूर आला हे बरे झाले’ असे काही नव्हते. नाल्यांवर आणि नदीपात्रात बांधकामे कशी होऊ दिली गेली याविषयी त्यांचा संताप तसाच होता आणि त्यांनी अर्जही केला. पण त्याच पानावर लिहिले होते : ‘वरच्या मजल्यावरच्या, ज्यांच्याशी पार्किंगवरून दोन वर्षे बोलणे नव्हते, त्यांनी आम्हा चौघांना तीन रात्री ठेवून घेतले. पहिल्या रात्री त्यांच्या सूनबाईंनी स्वतःची गादी आईंना दिली.’ दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, आणि एकीने दुसरी खोडली नाही.

आपल्या घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. ते परकेपणाचे वाटते. मग कृतज्ञता कशी दाखवावी?

‘थँक्यू’ म्हणायलाच हवे असे नाही. आपल्याकडे ती दाखवण्याच्या रीती होत्याच. माझे आजोबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या हाताला भाताची चार-पाच शिते मांडत, ती चित्राहुती; आणि जेवण झाल्यावर आजीकडे न पाहता, पण तिला ऐकू जाईल असे, ‘आमटी आज जमली होती’ म्हणत. आजी काही बोलत नसे. दुसऱ्या दिवशी आमटी पुन्हा तशीच होत असे. दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, पोळ्याला बैलाची मान तुपाने किंवा तेलाने चोळतात. जे आपल्यासाठी राबले त्याला हात लावून ओळख देणे हाच त्याचा गाभा आहे.

तेव्हा शब्द नको असेल तर नेमका तपशील सांगावा. ‘तू सगळ्यांसाठी किती करतेस’ या वाक्यापेक्षा ‘काल मला उशीर होणार म्हणून तू भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास’ हे वाक्य घरात जास्त चालते, कारण आपले काम कोणी पाहिले हे त्यातून कळते.

आमच्या घरी जप, पारायण, उपासना आहेच. मग हे वेगळे कशाला?

वेगळे करूच नये, त्यातच मिसळावे. विनोबा भावे यांचे विद्यार्थिदशेतले दिवस बडोद्यात गेले. त्यांच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम घेतला होता आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडिलांनी सुचवले की एक तोळ्यात किती दाणे बसतात ते मोजावे आणि बाकीचे तांदूळ वजनाने घ्यावेत. आईला उत्तर सुचले नाही, त्यांनी मुलाला विचारले. विनोबांनी सांगितले की हे गणित नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून एकेकच मोजावा.

मला ही गोष्ट फार जवळची आहे, कारण मोजण्याचे काम मी आयुष्यभर केले. लाखाचा आकडा पुरा होणे आणि लाख वेळा लक्ष तेथे असणे या दोन गोष्टी एक नाहीत. पारायणात अध्याय संपवण्याची घाई होते, जपात माळ नुसती फिरत राहते. तेव्हा रात्री वहीत एवढेच लिहावे की ‘आज एकशे आठपैकी बहुधा दहाच मणी माझे होते’. त्याने उपासना कमी होत नाही.

देवावर विश्वास नसेल तर चालेल का?

चालेल. आमच्यातले एक निवृत्त विज्ञानशिक्षक देव मानत नाहीत आणि सर्वांत नेमकी वही त्यांचीच असते. मिळालेले कोणाकडून मिळाले याचे उत्तर ते माणसांपाशी थांबवतात. मी थोडे पुढे नेते. यावरून आमचा वाद होत नाही.

गुरू लागतो का?

ज्यांना लाभला ते भाग्यवान. नर्मदाकाठी नारेश्वरला राहिलेले रंगअवधूत महाराज (१८९८–१९६८) मराठी घरात जन्मले आणि गुजराती माणसांचे झाले. त्यांच्या ‘परस्पर देवो भव’ या वचनावर आमच्यातल्या पुष्कळांची श्रद्धा आहे. समोरच्या माणसात देव पाहायचा असेल, तर त्या माणसाशी आज आपण कसे वागलो याची नोंद गुरूही आपल्या वतीने ठेवणार नाहीत, ती आपल्यालाच ठेवावी लागेल. गुरू नसेल म्हणून थांबू नये. पैसे मागणाऱ्या आणि एकांतात बोलावणाऱ्या ‘गुरूं’पासून मात्र चार हात दूर राहावे.

मुलांना हे कसे शिकवावे?

मुलांना वही देऊ नये आणि रात्री उलटतपासणी करू नये. त्यांनी खरे सांगितले त्या दिवशी मार किंवा बोलणी बसली, तर दुसऱ्या दिवसापासून ती खोटे बोलायला शिकतात. माझ्या नातवाने कामाटी बागेत मित्राचा चेंडू हरवला आणि घरी येऊन सांगितले. मी म्हटले, ‘सांगितलेस हे बरे केलेस, चल आता त्याच्या घरी.’ चेंडू आम्ही भरून दिला. त्याहून जास्त परिणाम झाला तो मी स्वतः त्याच्यासमोर ‘आजीचे चुकले’ म्हटले त्या दिवशी. तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला.

किती दिवसांत फरक पडतो?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, मिळालेल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, तर काहींना त्रासाच्या गोष्टी. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याविषयी अधिक बरे वाटत होते. म्हणजे रोज जमले नाही तरी आठवड्यातून एकदाही पुरे. माझे पाहणे असे आहे की पहिल्या महिन्यात उत्साह असतो, दुसऱ्यात कंटाळा येतो, आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वहीत तीच तीन-चार नावे पुन्हा पुन्हा येऊ लागतात. खरे काम तेथून सुरू होते, कारण ती नावे बहुधा घरातलीच असतात.

गुरुवारी एकत्र बसता तेव्हा काय होते?

साडेसहाला दिवा लावतो. वीस मिनिटे सगळे गप्प बसतात. खाली रस्त्यावरून रिक्षा जात असतात, समोरच्या घरात कुकरच्या शिट्या होतात, त्याला आम्ही काही करत नाही. मग ज्याला वाटेल तो आपल्या वहीतली एकच ओळ वाचतो. त्यावर कोणी ‘छान’ म्हणत नाही, सल्ला देत नाही, आणि ती ओळ माडीवरून खाली नेत नाही. वाचायचे नसेल तर नुसते बसावे. एक गृहस्थ सात महिने नुसते बसत होते आणि आम्ही कधी विचारले नाही. शेवटी चहा होतो. कप ज्याचा त्याने विसळायचा आणि ताटाळ्यात पालथा घालायचा. जिना अरुंद आहे, उतरताना डाव्या बाजूच्या दोराला धरावे.